चालण्याआधी बसणे

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला, की घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : चालायला कधी लागणार? मग दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला खोलीभर फिरवण्याची घाई सुरू होते. आपल्याकडे असे घडत असेल, तर आधी एक साधी गोष्ट पाहावी. पलंगाच्या कडेला, पाठीला टेकू न देता, रुग्ण किती वेळ सरळ बसू शकतो?

लुळा पडलेला हात डोळ्यांना दिसतो. धडाचा दुबळेपणा सहसा लक्षात येत नाही. पोटाच्या व पाठीच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून संदेश मिळत असल्याने ते पूर्ण निकामी क्वचितच होतात. मात्र त्यांची ताकद घटते आणि वेळ चुकते. निरोगी माणूस पेल्याकडे हात नेतो, त्याच्या निमिषभर आधीच पोटाचे खोल थरातील स्नायू आवळलेले असतात. पक्षाघातानंतर ही पूर्वतयारी उशिरा होते आणि हात पुढे जाताच शरीर कलंडते. बेल्जियममधील संशोधकांनी 2004 साली धडाचा ताबा मोजण्याची 23 गुणांची चाचणी मांडली. तिच्यातील सर्व गुण बसूनच मिळवायचे असतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत हा ताबा जितका चांगला, तितकी पुढे स्वावलंबनाची आशा अधिक.

व्यायामाची पहिली बैठक फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावी. पुढे घरी बसवताना दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत. पलंग उंच असल्यास पायांखाली पाट ठेवावा. भार दोन्ही कुल्ल्यांवर सारखा हवा. आपण दुबळ्या बाजूला बसावे. मग चांगल्या हाताने समोरची वस्तू घ्यायला सांगावे. जमू लागले, की ती हळूहळू हाताच्या टप्प्यापलीकडे सरकवावी. उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा व्यायामही मोलाचा आहे. दुबळे पाऊल आपण धरावे आणि रुग्णाने पाचपर्यंत अंक मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. बेडपॅन देताना हीच हालचाल सेवेकऱ्याची पाठ वाचवते!

उठवताना दुबळा हात कधीही ओढू नये; खांद्याचा सांधा निखळू शकतो. काही रुग्ण चांगल्या हाताने रेटा देऊन स्वतःला दुबळ्या बाजूकडेच ढकलतात. हा हट्ट नव्हे. सरळ म्हणजे काय, याची मेंदूची जाणीवच बदललेली असते. उलट जोर न लावता दाराच्या उभ्या चौकटीकडे पाहून स्वतःला जुळवून घ्यायला सांगावे.

रुग्णाभोवती तक्क्या-उशांची तटबंदी प्रेमापोटीच उभी राहते. आरंभी ती आवश्यकही असते. तोल सावरू लागल्यावर मात्र, आपण शेजारी असताना, एकेक उशी काढावी. दिवसातून चार-पाच वेळा काही मिनिटे पुरेत. चक्कर, छातीत दुखणे वा तीव्र डोकेदुखी जाणवल्यास लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. नवा अशक्तपणा, वाकडे तोंड वा अडखळती वाचा दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि सकाळी आपण शेजारी बसलेले असताना चष्मा हातात देऊ नका. दुबळ्या बाजूला, जरासा लांब ठेवा.