फुकटचं घड्याळ, काकांचं बीपी आणि माझा व्लॉग: रोजच्या व्हिडिओतली जाहिरात ओळखायची कशी?

गेल्या दिवाळीत मी कराडला घरी गेलो होतो. माझं एक छोटंसं यूट्यूब चॅनल आहे. हिंजवडीतली नोकरी, तिघांत घेतलेला फ्लॅट, मेसचा डबा, नवा कीबोर्ड, जुना फोन, असलं रोजचं काहीतरी त्यात असतं. सबस्क्रायबर जेमतेम अठराशे. दिवाळीच्या आधी एका कंपनीचा मेल आला. आमचं स्मार्टवॉच पाठवतो, परत करायची गरज नाही, फक्त एखाद्या व्हिडिओत दिसू द्या. किंमत अडीच हजारांच्या आतली. पण खरं सांगू? मला भारी वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला 'क्रिएटर' म्हणत होतं.

दिवाळीच्या व्हिडिओत आई चकल्या पाडत होती. मी घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर बीपी आलं ११८/७६. मी म्हणालो, "बघा, आमच्या मातोश्री एकदम फिट!" सात-आठ सेकंदांचा शॉट. घड्याळ फुकट आलंय हे मी बोललो नाही. खाली लिंक टाकली होती, तिच्यावरून कुणी घेतलं तर मला थोडं कमिशन मिळणार होतं. तेही बोललो नाही.

त्या लिंकवरून घड्याळ घेणाऱ्यांत माझे सख्खे काका होते. काकांना सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. ते रोज सकाळी घड्याळात बघायचे, आकडा १२०च्या आसपास. मग त्यांनी गोळी एक दिवसाआड केली. फेब्रुवारीत दुकानात उभ्या उभ्या चक्कर आली. दवाखान्यात मोजलं तर १७८/१०४. वेळेत नेलं म्हणून थोडक्यात निभावलं. मी फोन केला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "अरे, तूच दाखवलंवतंस की. तुझ्या आईच्या हातात बघितलं म्हणून घेतलं."

त्या रात्री मी टॉवेलची गुंडाळी केली आणि तिला ते घड्याळ बांधलं. टॉवेलचं बीपी आलं ११६/७४.

घड्याळ नक्की काय मोजतं?

घड्याळाच्या मागे हिरवा लाइट लुकलुकतो ना, त्या तंत्राला पीपीजी म्हणतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि सेन्सर हा चढउतार टिपतो. चढउतार मोजले की ठोके मिळतात. शांत बसलेलं असताना हे काम बऱ्यापैकी नीट होतं.

बीपी म्हणजे मात्र दाब. डॉक्टरांकडचा पट्टा दंड आवळतो, रक्तवाहिनी दाबतो आणि हळूहळू सोडताना दाब मोजतो. मनगटावरचं साधं घड्याळ काहीच आवळत नाही. ते लाटेच्या आकारावरून अंदाज बांधतं. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत बीपीची सोय आहे, तिथेसुद्धा आधी पट्ट्याच्या मशीनने मोजून कॅलिब्रेट करावं लागतं, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये जी सोय आणली ती तर बीपीचा आकडाच देत नाही. ३० दिवसांची माहिती बघून 'तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो' एवढी सूचना देते. एवढ्या मोठ्या कंपन्या इतक्या जपून बोलतात, आणि अडीच हजारांचं घड्याळ कसलंही कॅलिब्रेशन न करता बिनधास्त दोन आकडे दाखवतं, यातच काय ते समजा. रक्तातली साखर दाखवणाऱ्या घड्याळांचंही तेच. त्वचेला सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता.

इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या मला हे माहीत नव्हतं का? शोधलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी शोधलं नाही, कारण माझ्या डोक्यात तो 'रिव्ह्यू' नव्हताच. तो दिवाळीचा व्हिडिओ होता.

रिव्ह्यू आणि व्लॉग यातला फरक

मुद्दा खरा इथे आहे. 'अमुक फोनचा रिव्ह्यू' असं नाव दिसलं की आपण सावध असतो. हा माणूस पैसे घेऊन बोलतोय का, हा प्रश्न डोक्यात असतो. पण कुणाच्या घरचा फराळ, कुणाची ऑफिसची सकाळ बघताना ती सावधगिरी उतरलेली असते. तिथे ओट्यावर ठेवलेला मिक्सर किंवा आईच्या हातातलं घड्याळ ही त्या घराची निवड वाटते. कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे. म्हणून तर अठराशे सबस्क्रायबरवाल्यालाही मेल येतो.

आणि आम्ही लहान चॅनलवाले हो का म्हणतो? गणित बघा. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं हवं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. माझा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटं बघतात, म्हणजे वर्षाला ६०,००० व्ह्यूज लागतील. एवढं करून मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या कमाईतले ५५ टक्के मिळणार. माझे सबस्क्रायबर झालेत, तास अजून झालेले नाहीत. म्हणजे दोन वर्षं रविवार घालवून जाहिरातीचा एक रुपया आलेला नाही. अशा वेळी घरपोच आलेलं घड्याळ हीच पहिली कमाई असते, आणि पहिल्या कमाईला नाही म्हणणं जड जातं.

दडपण मोठ्यांवरही असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलच्या 'टीम पिक्सेल' या कार्यक्रमाच्या अटी बाहेर आल्या. फुकट फोन घेणाऱ्यांनी दुसऱ्या ब्रँडला झुकतं माप दिल्याचं दिसलं तर संबंध संपेल, असं त्यात होतं. गदारोळ झाल्यावर गुगलने चूक मान्य करून ती अट काढली. पण बाकीच्या मेलमध्ये हीच अट न लिहिताही कळते. वाईट बोललात, तर पुढचं पार्सल नाही.

कायदा काय म्हणतो?

मला वाटायचं हे नियम क्रिकेटपटू आणि हिरो-हिरोइनींसाठी असतात. तसं नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ ला जी मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती सोशल मीडियावरच्या इन्फ्लुएन्सरनाही लागू आहे. कंपनीशी तुमचा कसलाही आर्थिक संबंध असेल तर तो सांगायचा. संबंध म्हणजे फक्त पैसे नव्हेत. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, सगळं आलं. आणि सांगायचं व्हिडिओतच, बोलूनही आणि लिहूनही. डिस्क्रिप्शनच्या तळाशी किंवा हॅशटॅगच्या गर्दीत लपवून चालत नाही. भाषाही सोपी आणि ज्या भाषेत जाहिरात आहे तीच हवी. म्हणजे मराठी व्हिडिओ असेल तर सरळ 'ही जाहिरात आहे' म्हणायचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्यावर एक वर्षाची बंदीही येऊ शकते, पुन्हा केली तर तीन वर्षांपर्यंत. याच कायद्यात एक सवलत आहे. दाव्याची खातरजमा करण्यासाठी तुम्ही पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं, तर दंडातून सुटका आहे. मला ते दाखवता आलं नसतं. टॉवेलची परीक्षा मी चार महिने उशिरा घेतली.

कराचंही ऐकून ठेवा. १ जुलै २०२२ पासून, एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि तुम्ही त्या ठेवल्या, तर कंपनीला त्यावर १० टक्के टीडीएस भरावा लागतो. व्हिडिओ झाल्यावर परत केल्या तर तो फायदा धरत नाहीत. ३०,०००चा फोन 'गिफ्ट' असला तरी सरकारच्या हिशेबात ते तुमचं उत्पन्नच आहे. मग प्रेक्षकांच्या हिशेबात तरी ते लपवून का ठेवायचं?

बघताना काय तपासाल?

व्हिडिओच्या सुरुवातीला 'पेड प्रमोशन' अशी पट्टी दहा सेकंद दिसते. पण ती व्हिडिओ टाकणाऱ्याने स्वतः खूण केली तरच. पट्टी नाही म्हणजे जाहिरात नाही, असं समजू नका. तीन गोष्टी बघा. एक, खाली खरेदीची लिंक आहे का? दोन, तीच वस्तू त्याच आठवड्यात आणखी चार चॅनलवर तशाच शब्दांत दिसतेय का? तीन, त्या वस्तूबद्दल एक तरी वाईट गोष्ट सांगितली का? आणि वस्तू तब्येतीशी संबंधित असेल, तर कुणाच्याही व्हिडिओवर, माझ्याही, विसंबू नका. फसवलं गेल्यासारखं वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मी काय केलं?

यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ बदलून त्याच जागी दुसरा ठेवता येत नाही. तेवढा शॉट कापता येतो. कापला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण ज्यांनी आधीच घड्याळ घेतलंय त्यांचं काय? म्हणून शॉट ठेवला, लिंक काढली, कमेंटमध्ये सगळ्यात वर खरं काय ते लिहून पिन केलं, आणि टॉवेलवाला वेगळा व्हिडिओ टाकला. त्यात पहिलंच वाक्य होतं, "हे घड्याळ मला फुकट मिळालं होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं." कंपनीचा मेल पुन्हा आला नाही. दोघातिघांनी कमेंटमध्ये शिव्या घातल्या. एका मुलीने लिहिलं, की तिच्या बाबांकडेही तसलंच घड्याळ आहे आणि ती आज त्यांना दवाखान्यात घेऊन जातेय. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

काकांना मी दंडाला लावायचं बीपीचं मशीन नेऊन दिलं, स्वतःच्या पैशांनी. गोळी परत रोजची झाली आहे. घड्याळ अजून त्यांच्या हातात असतं, आता वेळ बघायला.

तुमच्याही घरी असं घड्याळ कुणाच्या हातात असेल, तर या रविवारी एवढं करा. पट्ट्याच्या मशीनवर आणि घड्याळावर लागोपाठ बीपी मोजा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून त्यांना दाखवा. आणि गोळी कमी-जास्त करायची असेल, तर ते डॉक्टरांनाच ठरवू दे.