कस्तुरबांची साडी

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या शाळेत एकच धांदल! यंदा माझ्या वर्गातली एक चिमुरडी हट्टालाच पेटली, "बाई, मला कस्तुरबा व्हायचंय. 'गांधी' सिनेमातल्या!" रोहिणी हट्टंगडींचं काम तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. आईनं भाड्यानं साडी आणली, तर ती निघाली चकचकीत सॅटिनची. पोरीचं तोंड एवढंसं झालं. "अशी नव्हती त्यांची," एवढंच म्हणाली.

खरंच होतं तिचं. १९८२च्या त्या सिनेमात गांधीजी बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंत येतात. कपड्यांवरूनच माणूस बदलताना दिसतो. ते कपडे केले आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांनी. १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय!

मग रविवारी मी, ती आणि तिची आई बदलापूरहून लोकलनं निघालो. अंबरनाथ गेलं की पुढचंच स्टेशन उल्हासनगर. तिथल्या गजानन मार्केटात कापडाचे ताग्यांवर तागे! अस्सल खादी परवडेना, म्हणून बिनरंगी मांजरपाट घ्यायचं ठरलं. खादीचं सूत हातानं कातलेलं, म्हणून कुठं जाड कुठं बारीक. गिरणीचं सूत एकसारखं. पण स्टेजवरून पाहणाऱ्याला मांजरपाटाचा जाडाभरडा पोत पुरतो.

पण कापड पारखायचं कसं? आधी दोन बोटांत चोळा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. पहिल्या धुण्यात कापड मऊ पडणार आणि विरळ दिसणार. मग उजेडासमोर धरा, वीण दाट आहे का बघा. रंगीत काठ घ्यायचा तर ओला पांढरा रुमाल घासून पाहा, रंग लागला की तो काठ परत ठेवा. आणि सुती की टेरिकॉट अशी शंका आली, तर घरी मोठ्या माणसाकडून एक धागा जाळून घ्या (तुम्ही नाही हं!). सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख बोटानं चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गुठळी होते.

इथवर सगळं ठीक. पण मागच्या वर्षी मी स्वतःच एक चूक केली होती. एका मुलाचा सदरा कोरं कापड न भिजवताच शिवायला दिला. नाटकाआधी धुतला, तर बाह्या कोपरापर्यंत! बिचारा सगळा प्रवेशभर हात मागे बांधून उभा राहिला. म्हणून यंदा कापड रात्रभर पाण्यात ठेवलं. चांगलं चार बोटं आटलं. नंतर पातळ चहाच्या पाण्यातून काढलं, तेव्हा कुठं त्याचा नवेपणा गेला. तिच्या आईनं मशीनवर काठ लावून दिला.

आता शेजारच्या बाकावरचा पोरगा 'लगान'मधला भुवन व्हायचं म्हणतोय. २००१च्या त्या सिनेमाचे कपडेही अथैय्याबाईंचेच, बरं का! येत्या रविवारी पुन्हा लोकल.