पितळखोऱ्याच्या पायऱ्या

खान्देशात थंडी पडली की घरोघर वांग्याच्या भरताचा वास सुटतो आणि पोरांना सहलीचे वेध लागतात. शाळांच्या सहली बहुधा अजिंठ्याला जातात. तिथे पाहणारे पुष्कळ. आम्ही यंदा ठरवले, की जिथे फारसे कोणी फिरकत नाही अशा ओस पडलेल्या जागी जायचे. विहारातल्या चार कुटुंबांनी मिळून पितळखोऱ्याची वाट धरली.

आमच्या थोरल्या दादांनी मात्र आधीच मोडता घातला. ते तीस वर्षे दगडखाणीत काम करतात. "आठ दिवस दगड फोडायचे आणि नवव्या दिवशी रोज बुडवून पुन्हा दगडच पाहायला जायचे?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ज्याचे घर रोजावर चालते त्यालाच एका दिवसाची किंमत ठाऊक. शेवटी वहिनी म्हणाल्या, "तुम्ही राहा घरी. भरत-भाकरी मात्र सगळी आमच्यासोबत चाललीय." दादा मुकाट्याने जीपमध्ये येऊन बसले.

चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढला की खान्देश खाली राहतो. पितळखोरे सातमाळा डोंगरात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात येते. भोवती गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, ते 1986 साली घोषित झाले. सकाळची थंडी अशी, की पोरांच्या कानटोप्या निघेनात आणि बोलताना तोंडातून वाफ येत होती. माळावरून चालत दरीच्या काठाशी आलो. तिथून पायऱ्या खाली उतरतात, ओढा ओलांडावा लागतो, आणि मग समोरच्या कड्यात लेणी दिसतात. कड्याचा पुढचा भाग बराच ढासळलेला. खांब तुटलेले. आवाज फक्त पाखरांचा.

चैत्यातल्या स्तूपासमोर आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग पोरांना या जागेची हकीकत सांगितली.

ही लेणी खोदायला सुरुवात झाली ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. पैठणहून उत्तरेकडे जाणारी व्यापाराची वाट या डोंगरातून खान्देशात उतरत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात, पैठणचा माल गाड्या भरून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. वाटेवरचे व्यापारी आणि कारागीर यांच्या दानातून भिक्खूंचा पावसाळी निवारा उभा राहिला. पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या कुळातल्या मितदेवाने खांब दान दिला, तसे त्या खांबावरच कोरले आहे. मगिल नावाचा राजवैद्य होता, त्याच्या घरच्यांनीही दान दिले. त्यात त्याची मुलगी दत्ता हिचे नाव वेगळे कोरलेले आहे. लेकीचे दान लेकीच्या नावाने! आणि तो मगिल स्वतःची ओळख 'वच्छीचा पुत्र' अशी देतो. वच्छी ही त्याची आई.

हे ऐकून बायकामंडळी सरसावून बसल्या. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आईचं नाव लावायची रीत आपल्याकडे जुनीच की!" खरेच आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आपण शाळेत शिकलो, पण त्या नावातली गौतमी कुणी समजावून सांगितली नाही. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. जुन्या रीतीला सरकारी शिक्का मिळायला दोन हजार वर्षे लागली.

पुढे दान आटले, वाटा बदलल्या, धम्माचा राजाश्रय गेला. ठिसूळ थरांचा खडक पाण्याने खचत गेला आणि लेणी ओस पडली. 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांडे यांनी इथला मलबा उपसला. त्यात यक्षाची एक हसरी, बुटकी मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर लिहिले आहे, की ही कान्हदास सोनाराने घडवली.

इतका वेळ दादा एका कोपऱ्यात भिंतीवरून हात फिरवत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "इथे बघ, छिन्नीचे घाव. एका अंतरावर, एका तिरक्या रेषेत. हे काम वरून खाली उतरलंय. आधी छत, मग खांब. परात बांधायची गरजच नाही. पण एक घाव चुकला की दगड परत चिकटत नाही." तीस वर्षांत दादा आपल्या कामाविषयी इतके कधी बोलले नव्हते. पोरे त्यांच्याभोवती गोळा झाली. हत्तींच्या ओळीपाशी आणि भालेधारी द्वारपालांपाशी आता दादाच पुढे होते, आणि आम्ही मागे.

तेवढ्यात खर्र असा आवाज आला. दादांचाच दहावीतला मुलगा खिळ्याने भिंतीवर आपले नाव कोरत होता. आधीच्या नावांची तिथे कमी नव्हतीच. दादांनी हात उगारला नाही. खिळा काढून घेतला आणि म्हणाले, "त्या सोनारानं नाव लिहिलं ते मूर्ती पुरी घडवून. तू काय घडवलंस?" पोराची मान खाली गेली. आमचीही गेली, कारण तरुणपणी एका किल्ल्यावर आम्हीही असेच नाव कोरून आलो आहोत.

वाचकहो, जायचे असेल तर थंडीतच जा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, उन्हाळ्यात कडा तापतो. पाणी आणि शिदोरी घरूनच न्या, कागद-पिशव्या परत आणा. पाटणादेवीकडून जंगलातली पायवाटही वर येते, पण माहितगाराशिवाय ती धरू नका. अंधार पडण्याआधी परत फिरा. आणि मुख्य म्हणजे पोरांच्या खिशातला खिळा आधी तपासा.

ओढ्याकाठी कळण्याची भाकरी आणि भरत खाऊन आम्ही निघालो. घाट उतरताना दादा गप्प होते. घराशी उतरल्यावर म्हणाले, "पुढच्या थंडीत पुन्हा जाऊ. खाणीतली चार माणसं सोबत घेतो. रोज बुडाला तर बुडाला."