आयसीयूच्या दाराबाहेरची ड्यूटी

वॉर्डातला एखादा चार्ट उघडा आणि श्वसनाच्या दराचा रकाना पाहा. नाडी, रक्तदाब, तापमान बदलत असते; श्वसन मात्र बऱ्याचदा सकाळपासून रात्रीपर्यंत 20. हा आकडा छातीकडे पाहत मिनिटभर मोजावा लागतो. एका सिस्टरकडे वीस रुग्ण असले की सर्वांत आधी ते मिनिटच जाते. आणि प्रकृती ढासळू लागल्याची खूण बहुतेकदा तिथेच आधी उमटते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 'न्यूज-2' तक्त्यात मिनिटाला 25 किंवा त्याहून जास्त श्वास असले तर या एका नोंदीलाच 3 गुण मिळतात. एकूण गुण 5 झाले की तातडीने तपासणी, 7 झाले की अतिदक्षतेचे जाणकार खाटेपाशी हवेत.

हे जाणकार आपल्याकडे आहेत. वाशी, नेरुळ, बेलापूर, कामोठे इथल्या मोठ्या रुग्णालयांच्या आयसीयूंत ते रोज काम करतात. पण त्यांची ड्यूटी दाराच्या आत संपते. वॉर्डातला रुग्ण त्यांना भेटतो तो ट्रॉलीवरून, बऱ्याचदा उशिरा. आमची मागणी एवढीच की प्रत्येक शिफ्टला आयसीयूची एक अनुभवी नर्स खाटांच्या वाटणीतून मोकळी ठेवा आणि तिला वॉर्डांत पाठवा. आयसीयूतून आदल्या दिवशी बाहेर गेलेले रुग्ण तिने पाहावेत, वॉर्डाने बोलावले की जावे. ब्रिटनने 2000 सालच्या अतिदक्षता अहवालानंतर हीच वाट धरली. भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम झालेल्यांना याहून योग्य काम कोणते?

वॉर्डात धावून जाणारी नर्स किंवा पथक नुसते नेमून भागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या 23 रुग्णालयांच्या 'मेरिट' अभ्यासात (2005) अशा पथकांमुळे मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. निकष पूर्ण होऊनही अनेकदा पथकाला कॉलच गेला नव्हता. कॉल का जात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आरएमओ चिडतील, कन्सल्टंटना झोपेतून उठवावे लागेल, आणि आयसीयूची सिस्टर येऊन सर्वांदेखत विचारील, 'एवढा वेळ काय करत होतात?' हे वाक्य एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी फोनकडे हात नेताना दहादा विचार करते. म्हणून वॉर्डात जाणाऱ्या नर्सची निवड करताना व्हेंटिलेटरवरचा हात जितका पाहाल तितकीच जीभही पाहा. तिने नोंदी वॉर्डच्या सिस्टरबरोबर पुन्हा घ्याव्यात, डॉक्टरांना काय सांगायचे ते दोघींनी मिळून ठरवावे आणि फोन वॉर्डच्याच सिस्टरला करू द्यावा.

आकडे भरत नसतील, तरी 'पेशंट बरोबर वाटत नाही' एवढे कारण कॉलसाठी पुरेसे मानले पाहिजे. एकाच खुणेवर विसंबून चालत नाही, हे कोविडने शिकवले. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात 2020 मध्ये कोविड रुग्णालय उभे राहिले, त्या काळात हसून बोलणाऱ्या रुग्णाचा ऑक्सिजन घसरलेला असू शकतो हे आपण सर्वांनीच पाहिले. उलटेही घडते. ऑक्सिमीटर ठीक असतो, पण रात्रभर शेजारी बसलेली मुलगी सांगते, 'बाबा आज असंबद्ध बोलतायत.' ही नवी असंबद्धता न्यूज-2 मध्ये 3 गुणांची आहे.

तेरा वर्षांची मार्था मिल्स 2021 मध्ये लंडनमध्ये सेप्सिसने गेली. तिच्या आईवडिलांची काळजी गांभीर्याने घेतली गेली नव्हती. 2024 पासून इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत नातेवाईकही थेट अतिदक्षता पथकाला बोलावू शकतात. आपल्याकडे नातेवाइकांची गर्दी ही तक्रार असते. त्यांच्या हाती एक एक्स्टेन्शन क्रमांक द्यायला कोणते रुग्णालय तयार आहे, ते आम्हाला कळवा. त्या रुग्णालयाचा अनुभव आम्ही छापू.