जहाजावर शेजारचे दुकान नसते

व्यापारी घराण्यांत सुटीच्या प्रवासाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव, दिवाळीनंतरची सुटी किंवा तीन पिढ्यांचे स्नेहमीलन यांसाठी आता समुद्रपर्यटनाचा विचार आवर्जून होतो. मुंबईहून गोवा, कोची वा लक्षद्वीपकडे जाता येते. सिंगापूर आणि दुबई येथूनही जहाजे निघतात. आणि हौशी कुटुंबे भूमध्य समुद्र व अलास्कापर्यंत पोहोचतात. वृद्धांना रोज सामान बांधावे लागत नाही, मुले नजरेसमोर राहतात आणि सारे कुटुंब एका छपराखाली नांदते, ही या प्रवासाची मोठी सोय होय.

परंतु जहाजाचा व्यवहार जमिनीवरच्या व्यवहारापेक्षा एका बाबतीत अगदी निराळा असतो. गावात एका ठिकाणचे जेवण रुचले नाही तर दुसरे उपाहारगृह असते, भाव पटला नाही तर पुढचे दुकान असते, एका डॉक्टरांवर विश्वास बसला नाही तर दुसरे डॉक्टर असतात. जहाजाने बंदर सोडले की विक्रेता एकच, दवाखाना एकच आणि घड्याळही एकच. घासाघीस करण्याचे व्यापाऱ्याचे बळ शेजारच्या दुकानामुळे असते आणि जहाजावर शेजारचे दुकान नसते. म्हणूनच जमिनीवर जे ऐनवेळी निभावून नेता येते, ते येथे पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरवावे लागते.

भाडे आणि खरा हिशेब

जाहिरातीतील भाडे हा हिशेबाचा पहिला आकडा असतो, शेवटचा नव्हे. त्यात बहुधा केबिन, ठरावीक उपाहारगृहांतील जेवण आणि करमणुकीचे कार्यक्रम येतात. बंदराचे शुल्क, सेवकांची बक्षिसी, इंटरनेट, बंदरावरील सहली, विशेष उपाहारगृहे आणि बाटलीबंद पेये यांचा आकार अनेकदा वेगळा असतो. बक्षिसी ऐच्छिक असावी असा आपला समज असतो. पण अनेक आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती दर माणशी दररोज साधारण १५ ते २० डॉलर या दराने आपोआप खात्यावर चढते. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे असे सहा जण सात रात्रींसाठी गेले आणि दर १६ डॉलर धरला, तरी एवढ्या एका बाबीचेच ६७२ डॉलर होतात. ही रक्कम शेवटच्या दिवशी कळली की मन खट्टू होते. आधी कळली तर ती केवळ अंदाजपत्रकातील एक ओळ ठरते.

जहाजावर रोख रक्कम फारशी चालत नाही. केबिनची किल्ली म्हणून मिळालेले कार्डच खरेदीचे साधन असते आणि खाते बहुतेक वेळा डॉलरमध्ये असते. मुलांच्या हाती हे कार्ड देताना त्यावरील खरेदी बंद करता येते किंवा मर्यादा घालता येते. स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी तशी नोंद करून घ्यावी. खात्याच्या हमीसाठी डेबिट कार्ड देणे टाळावे. डेबिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवली जाते, ती बचत खात्यातील वापरण्याजोग्या शिलकीतून वजा दिसते आणि प्रवास संपल्यावरही मोकळी व्हायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड अधिक सोयीचे. मात्र त्याचा परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून सुरू केलेला आहे ना, हे घरीच पाहावे. परकीय चलनातील खर्चावर अनेक बँका २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी घेतात, हेही हिशेबात धरावे. बंदरावरच्या दुकानात यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय दिसायला सोपा, पण दराने बहुधा महाग असतो.

परदेशी सहलीचे पॅकेज भारतातील सहल कंपनीकडून घेतल्यास त्यावर टीसीएस वसूल होतो. हा खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. तो कोणाच्या पॅनवर जमा होतो, एवढे मात्र पाहावे. जे आजोबा आता विवरणपत्र भरत नाहीत त्यांच्या नावाने पावती फाडली, तर ती रक्कम परत मिळवण्यासाठीच विवरणपत्र भरावे लागते.

व्हिसाचा एक बारकावा

जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशाला स्पर्श करते आणि पुन्हा पहिल्या देशात परतते, तेव्हा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अपुरा पडतो. ग्रीसमधून निघून तुर्कस्तानच्या बंदरास भेट देऊन परतणारे जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येते. तेथे अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेतील सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजे बहुधा कॅनडाच्या एखाद्या बंदरात थांबतात. परदेशी ध्वजाच्या जहाजांनी केवळ अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवू नयेत, असा १८८६ चा अमेरिकी कायदा त्यामागे आहे. परिणामी काही तासांच्या त्या थांब्यासाठीही भारतीय पारपत्रधारकास कॅनडाची परवानगी लागते. ती नसल्यास प्रवाशाला निघण्याच्या बंदरावरच अडवले जाते आणि भाडे बुडते. तिकीट घेताना प्रत्येक बंदराचे नाव समोर ठेवून, किनाऱ्यावर उतरायचे नसले तरी व्हिसा लागतो का, हे लेखी विचारून घ्यावे. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी.

ताट आणि सूर्यास्त

‘जैन भोजन मिळेल’ या तीन शब्दांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मुंबई व सिंगापूरहून भारतीय प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या जहाजांवरील स्वयंपाक्यांना हा शब्द परिचित असतो. युरोप-अमेरिकेत तो अनेकदा केवळ ‘कांदा-लसूण नको’ एवढाच समजला जातो. म्हणून शब्दाऐवजी यादी द्यावी: बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले यांसह कोणतेही कंदमूळ नको, अंडे नको, जिलेटिन नको, सूप वा भातात मांसाचा अर्क नको. प्राण्यांपासून मिळवलेले रेनेट वापरलेले चीज चालत नसेल तर तेही लिहावे. ही यादी आरक्षणाच्या वेळी पाठवावी, निघण्याच्या महिनाभर आधी स्मरण द्यावे आणि जहाजावर पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकांना भेटून छापील प्रत हाती ठेवावी. पुढच्या दिवसाचे जेवण आदल्या रात्रीच सांगण्याची पद्धत अनेक जहाजांवर असते. ती पाळणाऱ्यांना तक्रारीचे प्रसंग कमी येतात.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिसेंबरात मुंबईच्या आसपास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जहाजावरील रात्रीचे भोजन बऱ्याचदा त्यानंतर सुरू होते. चोविहार पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी पाच वाजता ताट मिळेल का, हे आधी ठरले नाही तर त्यांना फळे आणि बिस्किटांवर दिवस काढावे लागतात. आणि बरोबरीचे सारे पंगतीत असताना ते मात्र केबिनमध्ये बसून राहतात. संकोचामुळे ते बोलतही नाहीत. सिंगापूरला सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपास असल्याने तेथे सोय सहज होते. जून महिन्यात अलास्कातील जुनो येथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळतच नाही. अशा प्रदेशात नियम कसा पाळावा, हे निघण्यापूर्वी आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावे.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर प्रवासाच्या तारखांशी तिथी ताडून पाहावी. खाखरे, कोरडा चिवडा, मुगाचे पदार्थ असे कारखान्यातून बंद होऊन आलेले पुडे बहुधा नेऊ देतात. घरी शिजवलेले अन्न नेण्यास मात्र अनेक कंपन्यांचा मज्जाव असतो. विजेची किटली, शेगडी व इस्त्री आगीच्या भयाने जप्त होतात आणि प्रवास संपल्यावरच परत मिळतात. पिण्यासाठी गरम पाणी बुफेत मिळते. त्यासाठी झाकणाची स्टीलची बाटली जवळ असावी.

प्रकृती आणि विमा

जहाजावर डॉक्टर असतात, परंतु त्यांची फी प्रवाशाच्या खात्यावर चढते. घरच्या मेडिक्लेमचे कॅशलेस कार्ड तेथे चालत नाही. गंभीर प्रसंगी रुग्णाला हेलिकॉप्टरने वा पुढील बंदरावर उतरवून रुग्णालयात हलवावे लागते आणि तो खर्च साऱ्या सहलीच्या खर्चाला मागे टाकू शकतो. म्हणून प्रवास विमा घेताना तीन गोष्टी पॉलिसीत शोधाव्यात: समुद्रपर्यटनाचा स्पष्ट समावेश, रुग्णास हलविण्याचा खर्च आणि पूर्वीच्या आजारांना संरक्षण. आजोबांचा मधुमेह किंवा आजींचा रक्तदाब लपवून थोडा हप्ता वाचविला, तर विमा कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आपणच हाती देतो.

बोट लागण्याचा त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी. मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसल्यानेही आराम पडतो. आले वर्ज्य असणाऱ्यांपैकी अनेकांना सुंठ चालते. ती जवळ ठेवावी. बुफेत पोटाचा संसर्ग पसरविणाऱ्या नोरोव्हायरसला जंतुनाशक जेल पुरेसे रोखत नाही. साबण आणि पाणी हाच खरा उपाय होय.

घड्याळ आणि भोंगा

बंदरावर उतरल्यावर जहाजाची वेळ आणि गावाची वेळ यांत तासाचा फरक असू शकतो. मोबाइल स्वतःहून गावाची वेळ दाखवू लागतो आणि घोटाळा होतो. घरातील एका व्यक्तीने जहाजाच्या वेळेवर लावलेले साधे मनगटी घड्याळ वापरावे. परतीची अंतिम वेळ जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते आणि उशीर करणाऱ्यांसाठी जहाज थांबेलच असे नाही. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळील साओ टोमे बेटावर आठ प्रवासी मागे राहिले. जहाज पुन्हा गाठण्यासाठी त्यांना अनेक देशांतून धावपळ करावी लागली. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान होड्यांतून उतरावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांना ते जमेल का, याचा विचार सहलीचे पैसे भरण्यापूर्वीच व्हावा.

सुरक्षा-कवायतीला अनेक प्रवासी कंटाळवाणा उपचार मानतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या सायंकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. तेव्हाच्या नियमानुसार त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण कोकणात अजून जिवंत आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा होय. त्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. म्हणून केबिनपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंतचा जिना आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी एकदा चालून दाखवावा आणि त्यांच्या सोबत कोण राहील हे ठरवून ठेवावे.

लहान कटकटी

बंदरावर सोपविलेल्या बॅगा केबिनमध्ये कधी कधी सायंकाळी पोहोचतात. औषधे, पारपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातील पिशवीत असावा. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यांत बांधून टाकण्याचा प्रकार दर सफरीत कोणाच्या तरी हातून होतो. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चुंबकाच्या चार खुंट्या नेल्यास ओल्या टॉवेलची सोय होते. स्वयंपाकघराच्या किंवा पोहण्याच्या तलावाच्या लगत खालची केबिन स्वस्त मिळाली तरी पहाटेची झोप मोडते. मोबाइल विमान-स्थितीत ठेवावा. समुद्रातील उपग्रह रोमिंगचे बिल अनपेक्षित मोठे येते. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला असतो आणि तेव्हा बहुधा केवळ बंदरशुल्क परत मिळते; त्यावर वाद घालण्यात सुटी घालवू नये.

बिल मात्र शेवटच्या सकाळच्या रांगेत नव्हे, तर दररोज रात्री पाहावे. चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी स्वागतकक्षात सहज दुरुस्त होते. घरी परतल्यावर तीच नोंद महिनाभराच्या पत्रव्यवहाराचा विषय होते. पैसे भरण्यापूर्वी घरातील कर्त्या व्यक्तीने एका कागदावर चार प्रश्न लिहावेत: एकूण खर्च किती, व्हिसा कोणकोणते, वडीलधाऱ्यांचे ताट किती वाजता, आणि आजारपण आल्यास खर्च कोणाचा. या चारही प्रश्नांना लेखी उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये. ती एकदा दिली की रद्द करण्याचे शुल्क जहाज सुटण्याची तारीख जवळ येईल तसतसे वाढत जाते.