मुंबई ते पणजी : एका सायकल-सफरीच्या निमित्तानें

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत आमच्याकडे एक गुळगुळीत कागदावर छापलेलें पत्रक पाठविलें. हे गृहस्थ आतां सहली काढण्याचा व्यवसाय करतात, आणि तो बरा चालला असावा असें त्या कागदावरूनच दिसत होतें. पत्रकाचा विषय, मुंबईपासून पणजीपर्यंत समुद्रकांठानें आठ दिवसांची सायकलची सफर. सामान मागून मोटारींतून यावयाचें. चढ आला आणि पाय दुखूं लागले तर प्रवाशालाही त्याच मोटारींत घ्यावयाचें. दर मुक्कामीं ऊन पाण्याचें स्नान, सुरमईचें जेवण, आणि रोज सायंकाळीं अर्धा तास ‘इतिहास’. हा अर्धा तास आम्हीं भरून काढावा, त्याबद्दल मानधनही मिळेल, अशी सोबतच्या पत्रांत विनंति होती. इतक्या वर्षांनीं विद्यार्थ्यानें आठवण ठेविली या आनंदांत आम्हीं तें पत्रक वाचलें. दुसऱ्यांदा वाचलें तेव्हां तो आनंद ओसरला, आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर हा लेख लिहावयास बसलों.

हाच रस्ता आम्हीं दोन वर्षांपूर्वीं पौषांत, दोन सोबत्यांसह, कपड्यांचीं बोचकीं सायकलीच्या मागें बांधून, तेरा दिवसांत तोडला. यांत पराक्रम कांहीं नाहीं. आमचें वय पन्नाशीच्या पुढें आहे, गुडघे त्याहूनही वृद्ध आहेत, आणि निम्म्या चढांवर आम्ही सायकल हातांत धरून चाललों. तेव्हां ‘तुम्हांस झेपत नाहीं म्हणून तुम्ही इतरांस नांवें ठेवतां’ हा आक्षेप येथेंच मान्य करून टाकतों, म्हणजे वाचकांस दुसऱ्या गोष्टींकडे लक्ष देण्यास मोकळीक मिळेल.

आमची पहिली तक्रार पत्रकाच्या पहिल्याच ओळीशीं आहे. ‘दोन ऐतिहासिक शहरांमधील किनारा’ असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे इतिहास दोन टोकांस, आणि मध्यें वाळू व नारळ! मुंबई १६६१ च्या विवाहाच्या तहानें पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणांत इंग्रज राजास मिळाली. गोवें आल्बुकर्कनें १५१० सालीं घेतलें. पणजी राजधानी झाली ती तर १८४३ सालीं. या दोन्ही शहरांची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पंधराव्या शतकांत अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानांत आला तो चौलास उतरला आणि परत गेला तो दाभोळहून. ज्या दाभोळास अल्मेदानें १५०८ सालाच्या अखेरीस आग लावली, तें जाळण्याजोगें शहर होतें म्हणूनच लावली. आज दाभोळच्या धक्क्यावर आपली बोट येईपर्यंत चहा पीत उभा असलेला सायकलस्वार एका राजबंदराच्या राखेवर उभा असतो, आणि पत्रकांत त्या गांवाचें नांव ‘फेरीबोट, दुपारीं’ एवढ्यापुरतें आलें आहे.

सफरीचा आरंभ भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीनें होतो. याच वाटेवर १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ ही बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. महिनाभरानें देश स्वतंत्र झाला, त्या गर्दींत तें दुःख झांकून गेलें असेल. पण कोंकणांतल्या घरांतून तें विसरलें गेलें नाहीं. आठ दिवसांच्या मौजेचें प्रास्ताविक अशा गोष्टीनें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रोजचा अर्धा तास ‘इतिहास’ सांगावयाचा, आणि ज्या पाण्यावरून पहिल्याच सकाळीं गेलों त्याचा इतिहास गाळावयाचा, हा कोणता न्याय?

रस्त्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण नकाशा पाहून निघणारे लोक येथें हमखास फसतात. समुद्रकांठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, अशी घांटावरच्या माणसाची समजूत असते. आमचीही होती. प्रत्यक्षांत हा रस्ता खाडीच्या कांठीं पाण्याला टेकतो, तेथून नागमोडी वळणांनीं जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर घटकाभर वारा खातो, आणि पुन्हां पुढच्या खाडींत उतरतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्यांनीं सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत हा प्रदेश चिरून काढिला आहे. म्हणून येथें पांचशेंहून अधिक किलोमीटरांचा हिशेब खोटा. खरा हिशेब खाड्यांचा. आणि खाडी आली कीं तर आली. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावें, तवसाळ ते जयगड, या चार ठिकाणीं आम्हांस सायकलीसह बोटींत चढावें लागलें.

या चार बोटींसाठीं आम्ही ही सारी सफर पुन्हां करूं. त्या बोटी पुराणकालीन आहेत असा भाबडेपणा आम्ही करीत नाहीं; मोटारी वाहणाऱ्या लोखंडी तराफ्या त्या, डिझेलच्या धुरांत चालतात, आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांतल्याच आहेत. परंतु सबंध वाटेवर असें एवढेंच एक ठिकाण उरलें आहे कीं जेथें मुंबईची लांबलचक मोटार, एस्. टी.चे उतारू, मासळीची पाटी घेतलेली बाई, आंब्याच्या कलमांचा टेंपो आणि तीन धापा टाकणारे मास्तर यांना एकाच फळीवर पाव तास उभें राहावें लागतें. मोटारींतला मनुष्य कांच खालीं करतो. प्रथम कंटाळ्यानें करतो, नंतर कोणी तरी त्यास विचारतें, ‘खंयचे तुम्ही?’ आणि मग उत्तर द्यावेंच लागतें.

धोपाव्याकडे जातांना आमच्या शेजारीं चाळिशींतला एक गृहस्थ उभा होता. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग होत आहे, खाड्यांवर पूल व्हावयाचे आहेत, मग ही मौज राहणार नाहीं, असें आम्ही आमच्या सोबत्यांशीं मोठ्या हळहळीनें बोलत होतों. तो ऐकत होता. शेवटीं म्हणाला, “काका, तुम्हांला मौज वाटते, वाटूं दे. माझी बहीण दाभोळला दिली आहे. तिचा नवरा रात्रीं गेला. शेवटची बोट सुटलेली. समोर तिच्या वाडीचे दिवे दिसत होते, आणि आम्ही चिपळुणाकडून फिरून सकाळीं पोंचलों.”

आम्ही गप्प झालों. त्याच्या बोलण्यावर उत्तर नव्हतें, आजही नाहीं. पूल झाले पाहिजेत. ज्याला ही गोष्ट ठाऊक आहे त्यानें पुलांविरुद्ध लेखणी उचलूं नये, आणि आम्ही ती उचलीत नाहीं.

पण मग आम्ही असा प्रश्न विचारतों कीं, पूल त्या गृहस्थासाठीं व्हावयाचे आहेत काय? आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रकांत पुढील वर्षांचा जो मनसुबा आहे त्यांत पुलांचें स्वागत वेगळ्याच कारणासाठीं आहे: बोटीची वाट पाहण्यांत ‘वाया जाणारा’ वेळ वांचेल आणि सफर सहा दिवसांत बसेल. वर्तमानपत्रांतून, भाषणांतून सागरी महामार्गाची जी तरफदारी आम्हीं वाचली आहे तिचा सूरही पुष्कळ अंशीं हाच: पर्यटक, वेग, मुंबईपासूनचे तास. वाडीचे दिवे पाहत रात्र काढणारा मनुष्य त्या भाषणांतून क्वचितच दिसतो. आणि पूल कोणासाठीं बांधला हें पुलाच्या नांवावरून कळत नसतें. त्यावरून कोणाला जाऊं देतात यावरून कळतें. वांद्रें-वरळीचा सागरी सेतु २००९ सालीं खुला झाला; त्यावर सायकल न्यावयाची नाहीं, पायीं चालावयाचें नाहीं. न्हावाशेव्याकडे जाणारा सुमारें बावीस किलोमीटरांचा अटल सेतु जानेवारी २०२४ मध्यें खुला झाला, तेथेंही तेंच. समुद्रावर पूल बांधण्याची आमच्या राज्याची आजवरची जी मोठी कामगिरी, तींत दोन पायांच्या आणि दोन चाकांच्या माणसाला जागा नाहीं. शहराच्या सेतूंचे नियम वेगळे, असें कोणी म्हणेल. असोत. पण उद्यां बाणकोटच्या किंवा दाभोळच्या खाडीवर हाच नियम लागू झाला, आणि पूल झाला म्हणून बोट बंद पडली, तर मासळीची पाटी घेऊन पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या बाईनें काय करावें? आज ती दहापंधरा मिनिटांत जाते. उद्यां पुलाच्या तोंडाशीं उभी राहून तिला रिक्षा शोधावी लागेल. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येक पुलावर पायीं चालणाऱ्याची व सायकलस्वाराची कठडा घातलेली वेगळी वाट असावी, पुलावरून एस्. टी. रात्रींही धांवावी, आणि लोक बसत आहेत तोंवर दिवसाची बोट चालूं द्यावी. हें मागणें पुलाच्या बाजूचें आहे. त्याला विरोध होईल तो खर्चाच्या नांवाखालीं होईल, हें आम्ही जाणतों.

आतां त्या अर्ध्या तासाच्या ‘इतिहासा’कडे वळूं. विजयदुर्गाच्या मुक्कामासमोर पत्रकांत ‘जेथें हेलियमचा शोध लागला तो किल्ला’ असें छापलें आहे. किल्ल्यावर कांहीं चौथरे दाखवितात, आणि नॉर्मन लॉकयर यानें १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं येथें दुर्बीण लावून हा शोध लाविला अशी कथा सांगतात. ग्रहण १८ ऑगस्टला झालें हें खरें. परंतु लॉकयर त्या वेळीं हिंदुस्थानांत नव्हताच. त्यानें आपलें निरीक्षण ऑक्टोबरांत, ग्रहणावांचून, इंग्लंडांत बसून केलें. ग्रहण पाहावयास आलेला फ्रेंच ज्योतिषी जान्सेन होता तो गुंटुरास. विजयदुर्गास या उसन्या मानाची गरज काय? तुळाजी आंग्र्यांचें आरमार १७५६ सालीं याच बंदरांत जळालें. इंग्रजांनीं पेशव्यांशीं सख्य करून ही मोहीम केली, आणि मराठ्यांच्या समुद्रावरील बळाचा कणा मोडण्यास मराठ्यांचाच हात लागला. ही गोष्ट कडू आहे. सुरमईबरोबर ती गोड लागणार नाहीं, म्हणून साहेबाची दुर्बीण!

याउलट कोर्लईच्या किल्ल्याखालीं जी ख्रिस्ती वस्ती आहे तिच्या घरांतून पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफाची एक निराळी बोली आजही बोलली जाते. पोर्तुगीजांनीं चौल १७४० सालीं सोडलें. त्यांची भाषा घरच्या चुलीपाशीं पावणेतीनशें वर्षांहून अधिक टिकली. एवढें आश्चर्य पत्रकांत नाहीं, कारण कोर्लईस मुक्काम नाहीं आणि मुक्काम नाहीं म्हणून इतिहासही नाहीं.

आणखी एका वर्गाबद्दल लिहिणें भाग आहे. हा वर्ग मोटार मागें घेत नाहीं, पण मनगटावर यंत्र बांधतो. मुरूडच्या पुढें आम्हांस असे चार तरुण भेटले. अंगानें काटक, बोलण्यांत सालस, आणि एकानें आमच्या सायकलीची निसटलेली साखळी हात काळे करून बसवून दिली, तेव्हां कृतघ्नपणा होऊं नये. परंतु ‘जंजिरा पाहिला का?’ या प्रश्नाला त्यांनीं आपला सरासरी वेग सांगितला. अशा प्रवासांचीं वर्णनें आतां मराठींत पुष्कळ प्रसिद्ध होतात. त्यांत चढाची उंची असते, न्याहारींतील केळ्यांची संख्या असते, आणि माणूस बहुधा एकच असतो, लिहिणारा. जेरोम के. जेरोम यानें १९०० सालीं जर्मनींतल्या आपल्या सायकल-सहलीवरील पुस्तकांत जाहिरातींतल्या सायकलस्वारांची थट्टा केली आहे. चित्रांतला स्वार कधीं कष्ट करतांना दिसतच नाहीं. आमच्या स्वारांची चूक नेमकी उलट आहे. ते कष्टाखेरीज कांहींच पाहत नाहींत.

या कांठावरच्या प्रवासाची जुनी रीत वेगळी होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेस निघाले ते कर्जाच्या काळजीनें. म्हणूनच त्यांच्या ‘माझा प्रवासां’त दुसऱ्यांचीं सुखदुःखें इतकीं भरलीं आहेत. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतराअठराव्या वर्षीं परीक्षेसाठीं घांट चढून शंभराहून अधिक मैल पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षकांनीं त्यांस बसूं दिलें नाहीं. ते तसेच परत आले. त्या मुरुडांत आम्ही एक रात्र राहिलों. सकाळीं गांवांतल्या एका पोरानें आमच्या सायकली पाहून विचारलें कीं कुठें चाललां, आणि कशाला? पहिल्याचें उत्तर आम्ही लगेच दिलें.

विद्यार्थ्याच्या विनंतीस आम्हीं नकार दिलेला नाहीं. आम्ही येऊं, मानधन नको, असें कळविलें आहे. मात्र तीन अटी घातल्या आहेत. मोटारीनें महामार्गावरून परस्पर मुक्कामास जावें, आमच्या मागें येऊं नये. इतिहास सायंकाळीं दिवाणखान्यांत न सांगतां दुपारीं धक्क्यावर सांगूं, आणि त्यासाठीं दर खाडीवर पहिली बोट मुद्दाम सोडून दुसरीनें जावें. तिसरी अट तेरेखोलची. तेथें किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्याचा आहे, आणि गोव्याच्या सरकारी फेरीबोटींत पायीं येणाऱ्याकडून पैसे घेत नाहींत. त्या बोटींतून केरीस उतरेपर्यंत कोणीही मनगटाकडे पाहूं नये.

पत्र जाऊन तीन आठवडे झाले. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.