कुरणातला मासा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात किंग्ज स्टॅन्ली या गावाजवळ गुरांचे एक कुरण आहे. तिथे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा मासा सापडला आणि २०२२च्या उन्हाळ्यात ती बातमी जगभर गेली. पॅकिकॉर्मस हे त्याचे शास्त्रीय नाव. अंगलटीने आजच्या ट्यूनासारखा, जातीचा शिकारी. शोधणारे दांपत्य हौशी. स्विंडनजवळचे मॅमथचे अवशेषही आधी त्यांनीच शोधले होते. चुनखडीच्या गोट्यात या माशाचे डोके निघाले, डोळ्याच्या खोबणीसकट, जराही न चेपलेले.

न चेपलेले असणे हीच दुर्मीळ गोष्ट. समुद्रतळाच्या चिखलात गाडले गेलेले बहुतेक मासे वरच्या थरांच्या भाराने कागदासारखे सपाट होतात. इथे कुजत्या देहाभोवती चुन्याचे क्षार लवकर साकळले, चिखल दबण्याआधीच गोटा घट्ट झाला आणि आतला आकार शाबूत राहिला. बाहेरून असा गोटा चारचौघा दगडांसारखाच दिसतो. तो ओळखायला वर्षानुवर्षे दगड न्याहाळून तयार झालेली नजर लागते, आणि ती पदवीबरोबर मिळत नाही.

त्या दांपत्याने पुढे जे केले ते आम्हाला शोधाहूनही मोलाचे वाटते. मालकाच्या संमतीने, तज्ज्ञांना सोबत घेऊन तिथे रीतसर उत्खनन झाले, दीडशेहून अधिक नमुने निघाले, माशाची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार झाली आणि महत्त्वाचे नमुने स्ट्राउडच्या स्थानिक संग्रहालयाला द्यायचे ठरले. जीवाश्म कुठल्या जागी, कुठल्या थरात होता याची नोंद गेली की त्याचे निम्मे शास्त्र गेले. दिवाणखान्यातल्या कपाटात जाऊन बसलेला मासा कुणाला काही सांगू शकत नाही.

हौशी शोधकांची ही परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या चिलखती माशांची ओळख जगाला करून दिली ती ह्यू मिलर या पाथरवटाने. त्यातल्या एका जातीला त्याचेच नाव आहे. त्याला नमुने पुरवणारा रॉबर्ट डिक हा थर्सो गावचा बेकर. पाव भाजून उरलेल्या वेळात तो मैलोन् मैल पायी हिंडून खडक तपासत असे. धंदा बुडाला तेव्हा डिकला आपले जीवाश्म विकावे लागले आणि १८६६ साली तो गरिबीतच गेला. अशा माणसांच्या पाठीशी कुणीतरी उभे राहायला हवे होते.

आपल्याकडे हा विषय परका नाही. सिरोंचा परिसरात प्राणहितेकाठी असलेल्या कोटा येथील जुरासिक माशाचे वर्णन १८५१ सालीच लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात छापून आले. त्याच्या जातीच्या नावात दख्खन आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांचे वर्णन १९०८ साली झाले आणि त्यातल्या एकाला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. नागपूरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे हिस्लॉप. ते मिशनरी होते, भूशास्त्र हा त्यांचा छंद होता.

त्या भागात आजही शेतकरी नांगरतात, गुराखी ओढे तुडवतात, विहिरी खणल्या जातात. वेगळा दगड हाती आला तर कुणाला दाखवायचा, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भूशास्त्र शिक्षकांनी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत एक संपर्क क्रमांक आणि जीवाश्मांची चार छायाचित्रे लावावीत. येणाऱ्या प्रत्येक माणसाला उत्तर द्यावे. नमुना खरा निघाला तर शोधणाऱ्याचे नाव त्याच्या नोंदीत लिहावे. हे काम या हिवाळ्यातही सुरू होऊ शकते. तोवर ज्याला असा दगड दिसेल त्याने तो फोडू नये; जागेवरच छायाचित्र घ्यावे, ठिकाण लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयाला कळवावे.